भिडेचं तारण

संपादकांचा फोन आला तेव्हा मी राजेंद्र नगरच्या बाजारात गिलकी निवडत होतो. यंदाच्या अंकाचा विषय त्यांनी एका शब्दात सांगितला: उसनवार. "कथा-कविता भरपूर आल्यात. तुम्ही जाऊन बघा आणि लिहा. माणसं एकमेकांना पैसे देतात कशी, आणि ते परत येतात कसे."

मी इंदूरचा. कर्जाची गोष्ट शोधायला मला लांब जायची गरज नव्हती, कारण आमच्या घरामागून धावणारी रेल्वेच उसन्या पैशांची आहे. खांडव्याहून इंदूरपर्यंत रूळ यावेत म्हणून दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी १८७० मध्ये इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्जाऊ दिले. व्याज साडेचार टक्के, मुदत १०१ वर्षं. देणारा आणि घेणारा दोघेही वसुली बघायला उरणार नाहीत, हे ठाऊक असून केलेला हा व्यवहार. घाट चढून गाडी इंदूरला यायला १८७८ उजाडलं. त्याच मार्गावरची महूकडे जाणारी गाडी पकडून मी राऊला उतरलो.

राऊ हे आता गाव म्हणावं की इंदूरचं उपनगर, हे तिथल्या लोकांनाही ठरवता येत नाही. एका टेकडीवर आयआयएम, जिथे कर्ज, जोखीम आणि भांडवल यांवर फळे भरतात. जवळच अणुऊर्जा विभागाचं राजा रामण्णा केंद्र. जुनी माणसं त्याला अजून 'कॅट'च म्हणतात. मधून आग्रा-मुंबई रस्ता, पुढे महू आणि पीथमपूरचे कारखाने. आणि या सगळ्याच्या आत, जुन्या राऊत, बटाटा. मालव्याच्या बटाट्यात साखर कमी, त्यामुळे चिप्स तळल्यावर काळे पडत नाहीत. या एका गुणावर इथल्या कित्येक घरांची चूल पेटते. चूल पेटायची तर हंगामाच्या तोंडाशी हातात रोकड लागते. ती कुठून येते, ते मला बघायचं होतं.

वरच्या मजल्यावरची पेढी

औषधांचं दुकान आणि बॅटऱ्यांचं दुकान, यांच्या मधोमध एक अरुंद जिना. वर लोखंडी जाळीचं दार, दोन खिडक्या, एक संगणक, एक तिजोरी आणि भिंतीवर संचालकांच्या नावांचा फलक. ही सहकारी साख संस्था. व्यवस्थापक मराठी, साठीकडे झुकलेले. सगळं गाव त्यांना काका म्हणतं. त्यांनी चहा मागवला आणि एकच अट घातली: संस्थेचं नाव छापायचं नाही. "चांगलं लिहिलंत तर लोक कर्ज मागायला येतील, वाईट लिहिलंत तर ठेवी काढायला. आम्हाला दोन्ही झेपणार नाही."

मी विचारलं, या खोलीतली सगळ्यात मौल्यवान वस्तू कोणती? त्यांनी तिजोरीकडे पाहिलंसुद्धा नाही. टेबलाच्या खणातून एक लांबट, कापडी पुठ्ठ्याची वही काढली. जामीनदारांची नोंदवही. प्रत्येक सभासदाचं एक पान. पानाच्या डाव्या बाजूला, त्याच्या कर्जाला कोण जामीन राहिलं त्यांची नावं. उजव्या बाजूला, तो स्वतः कोणाकोणाला जामीन आहे ती नावं. नावांपुढे तारखा, आणि कर्ज फिटलं की लाल शाईची आडवी रेघ. संगणकात हे सगळं आहेच, पण काका वही सोडत नाहीत. "संगणक एका वेळी एक माणूस दाखवतो. पान उलटलं की मला मोहल्ला दिसतो."

मी पानं उलटत गेलो. सायकलवाल्याला जामीन शिंपी, शिंप्याला जामीन शाळेतला शिपाई, शिपायाला जामीन दूधवाला, आणि दूधवाल्याच्या पानावर पुन्हा सायकलवाला. राऊचा हा नकाशा कुठल्याही नगर परिषदेत मिळणार नाही.

बँकेत आपण ग्राहक असतो, इथे सभासद. कर्ज हवं असेल किंवा ठेव ठेवायची असेल तर आधी भाग घ्यायचा, म्हणजे संस्थेच्या मालकीचा एक तुकडा विकत घ्यायचा. कर्ज मिळतं ते या भागांच्या ठरावीक पटीत, त्यामुळे कर्जाच्या रकमेतून थोडी कापून भागांत वळती करण्याची रीत सगळीकडे आहे. भाग शंभर असोत की एक, सभेत मत एकच. ज्यांच्या ठेवी आणि ज्यांना कर्जं, ती माणसं एकाच गावची, बऱ्याचदा एकाच गल्लीची. बाहेरचा पैसा नाही, बाहेरचा मालक नाही. आतल्या आत फिरणारं पाणी.

पत आणि साख

महाराष्ट्रात जिला पतसंस्था किंवा पतपेढी म्हणतात, तिला मध्य प्रदेशात साख संस्था म्हणतात. तिकडचे निबंधक इकडे पंजीयक होतात. आम्ही इंदूरकर मराठी दोन्ही शब्द सरमिसळ वापरतो आणि त्यामुळे एक गंमत कळते. मराठीतली पत ही अब्रू आहे. ती राखतात, ती जाते. हिंदीतल्या साखेचं नातं साक्षीशी. एक शब्द सांगतो, कर्ज अब्रूवर मिळतं. दुसरा सांगतो, त्या अब्रूला कुणीतरी साक्षीदार लागतो. पेढीचा सगळा कारभार या दोन शब्दांच्या मधल्या जागेत चालतो.

सहकारी पतपेढी आपल्याकडे आली ती सावकारीचा चटका बसल्यावर. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर चाल केली. त्यांना हवे होते कर्जरोखे. मिळतील तिथे ते जाळले. दंगा पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरला, सरकारने चौकशी आयोग नेमला, १८७९ मध्ये शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदाही केला. पण कागद जळले तरी पुढच्या पेरणीचं बियाणं कोणाच्या पैशांनी आणायचं, हा प्रश्न उरलाच. सावकार नको, तर मग कोण?

याचं एक उत्तर जर्मनीत तयार होत होतं. फ्रीडरिश रायफायझन हा खेड्यांचा कारभार बघणारा महापौर. श्रीमंतांच्या दानावर गरिबांची गरज भागत नाही, हे अनुभवाने कळल्यावर त्याने १८६०च्या दशकात गावापुरत्या पतसंस्था उभ्या केल्या. त्यातली कळीची अट जबर होती: संस्था बुडाली तर प्रत्येक सभासद आपल्या सगळ्या मालमत्तेनिशी जबाबदार. अशी अट असली की शेजाऱ्याने घेतलेल्या कर्जाचं काय झालं याकडे माणूस आपोआप लक्ष ठेवतो. मद्रास सरकारसाठी फ्रेडरिक निकल्सनने याच प्रयोगांचा अभ्यास करून अहवाल दिला, आणि १९०४ मध्ये हिंदुस्थानात सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला.

पण कायद्याची वाट न पाहता एक मराठी माणूस पंधरा वर्षं आधीच कामाला लागला होता, आणि तोही महाराष्ट्राबाहेर. सयाजीरावांच्या बडोद्यात विठ्ठल लक्ष्मण कवठेकरांनी १८८९ मध्ये 'अन्योन्य सहायकारी मंडळी' काढली. भारतातली पहिली सहकारी पतसंस्था म्हणून तिचा उल्लेख होतो. अन्योन्य, म्हणजे एकमेकांना. या व्यवहाराला याहून नेमकं नाव पुढच्या सव्वाशे वर्षांत कुणाला सुचलेलं मला माहीत नाही. नाव इतकं चांगलं असूनही ही संस्था या शतकात अडचणीत सापडली, हेही इथेच सांगितलं पाहिजे. अशा संस्था का अडचणीत येतात, ते पुढे येईलच.

स्वातंत्र्यानंतर रिझर्व्ह बँकेने १९५१-५२ मध्ये ग्रामीण कर्जाची देशभर पाहणी केली. खेड्यातल्या शंभर रुपयांच्या कर्जात सहकाराचा वाटा जेमतेम तीन रुपयांचा निघाला. सावकारांचा सत्तरच्या आसपास. पन्नास वर्षांच्या चळवळीची ही कमाई. तरी पाहणी समितीने सहकाराला सोडचिठ्ठी न देता उलट त्यात सरकारने भांडवल घालावं अशी शिफारस केली. सरकारचा पैसा आला आणि त्याच्या मागोमाग सरकारची माणसंही आली. गावच्या सोसायट्या त्या वाटेने गेल्या. शहरातल्या आणि कसब्यांतल्या पतपेढ्या मात्र बऱ्याच अंशी सभासदांच्या स्वतःच्या पैशांवर चालत राहिल्या. राऊची ही पेढी त्यांतली.

"भाभी, डेली!"

पेढीचा पैसा जिन्यावरून वर येतो तो एका बाईच्या खांद्यावरच्या पिशवीतून. चाळिशीची, सलवार-कमीजवर पुरुषी शर्ट चढवलेली, स्कूटरवाली. हातात छोटं यंत्र, त्यातून पावती निघते. दुपारी चारला ती निघाली आणि मी मागे बसलो.

महाराष्ट्रात हिला पिग्मी एजंट म्हणतील. हा शब्द आला उडुपीहून. तिथल्या सिंडिकेट बँकेने १९२८ मध्ये दारोदार जाऊन रोज दोन-दोन आणे गोळा करायला सुरुवात केली आणि त्या ठेवीला पिग्मी नाव दिलं. बँका मोठ्या झाल्या तशा त्यांना हे चिल्लर काम नकोसं झालं. पतपेढ्यांनी ते उचललं. राऊत याला नुसतं 'डेली' म्हणतात.

"भाभी, डेली!" एवढीच हाक. कचोरीवाला कढईवरचा हात न काढता गल्ल्याकडे मान हलवतो. बाई स्वतः पन्नासची नोट उचलते, यंत्रात आकडा टाकते, पावती बरणीखाली सरकवते. पंक्चरवाला आज वीसच देतो. भाजीवाली म्हणते, "आज रहने दो दीदी." बाई काही न बोलता पुढे जाते. दिवसाला पन्नास, वर्षातले तीनशे दिवस धरले तर पंधरा हजार. कचोरीवाल्याला एकरकमी पंधरा हजार बाजूला टाका म्हटलं तर तो हसेल. पन्नास त्याला जाणवत नाहीत.

गल्ल्यांतून फिरताना माझ्या लक्षात आलं की बाई पैशांबरोबर आणखी काहीतरी गोळा करते आहे. कुणाचं शटर किती वाजता उघडलं, कुणाच्या दुकानात माल कमी दिसतो, कुणाचा मुलगा गल्ल्यावर बसायला लागला. "पैसे देणं बंद होण्याआधी माणूस नजर द्यायचा बंद होतो," ती म्हणाली. "मी लांबून येताना दिसले की जो आत जातो, त्याचं नाव मी काकांना सांगते." मोठ्या बँका कर्जदाराचा पतगुणांक विकत घेतात. राऊत तो स्कूटरवर फिरतो.

या साखळीचा कच्चा दुवाही हीच बाई आहे. रोख रक्कम, एकटी व्यक्ती, ओळखीचा विश्वास. कार्डावर हाताने आकडे लिहिण्याच्या काळात, कार्डावर एक आणि पेढीच्या वहीत दुसरं, असे घोटाळे कुठे ना कुठे होतच. म्हणून काकांनी नियम केलाय: महिन्यातून एकदा ते स्वतः दहा-बारा खातेदारांच्या दुकानी जाऊन पावत्या पडताळतात. "तिला राग येत नाही?" मी विचारलं. "पहिल्या वर्षी आला. आता तीच विचारते, या महिन्यात आला नाहीत?"

एक कोटीचा हिशेब

काका पूर्वी एका शाळेत गणित शिकवायचे. त्यांनी मला पाठकोऱ्या कागदावर दोन हिशेब करून दाखवले.

पहिला कर्जदाराचा. पन्नास हजार रुपये, दोन वर्षं. पेढीचा दर बारा टक्के, घटत्या शिलकेवर. हप्ता सुमारे २,३५४ रुपये, दोन वर्षांचं एकूण व्याज साडेसहा हजारांच्या आत. हेच बारा टक्के कुणी 'सरसकट' लावले, म्हणजे फिटलेल्या मुद्दलावरही व्याज चालूच ठेवलं, तर व्याज होतं बारा हजार. दर तोच, बोली तीच, पैसे जवळपास दुप्पट. आणि बाजारात सावकाराचा दर सांगतात तो शेकडा तीन, महिन्याला. ऐकायला तीन हा आकडा बारापेक्षा लहान. पण दरमहा दीड हजार नुसतं व्याज, दोन वर्षांत छत्तीस हजार, आणि पन्नास हजारांचं मुद्दल जागेवर तसंच. "लोक टक्का ऐकतात, महिना की वर्ष ते ऐकत नाहीत," काका म्हणाले. "माझी निम्मी नोकरी हा फरक समजावण्यात गेली."

दुसरा हिशेब पेढीचा. सोयीसाठी धरा, पेढीने एक कोटीची कर्जं वाटलीत, सगळी ठेवींच्या पैशांतून. बारा टक्क्यांनी वर्षाला बारा लाख व्याज येतं. ठेवीदारांना आठ टक्के, म्हणजे आठ लाख जातात. उरले चार. दोन माणसांचा पगार, बारा-बारा हजार, वर्षाचे २,८८,०००. भाडं, वीज, डेलीचं कमिशन, लेखापरीक्षण मिळून ६२,०००. उरले पन्नास हजार.

त्यांनी पेन त्या पन्नास हजारांवर ठेवलं, मग सरकवत वरच्या हिशेबातल्या पन्नास हजारांवर आणलं. "एक कर्ज बुडालं की आमचं वर्ष बुडालं."

नफ्याचा ठरावीक हिस्सा राखीव निधीत टाकावा लागतो, लाभांशाला मर्यादा असते. त्यामुळे पेढी श्रीमंत होते ती फार सावकाश, वर्षानुवर्षं न वाटलेल्या नफ्यातून. एखादी पतपेढी चकाचक काचेच्या इमारतीत दिसली आणि ठेवीवर बाजारापेक्षा चार टक्के जास्त देतो म्हणाली, तर हा पाठकोरा कागद आठवावा. चार टक्क्यांत तर सगळी पेढी चालते. ते ठेवीदाराला देऊन टाकले तर ती कशावर चालणार, किंवा कर्जदाराकडून किती घेणार, आणि इतकं देऊन कर्ज घेणारा कोण असणार?

गुरुवारची बैठक

कर्ज समिती गुरुवारी संध्याकाळी बसते. तीन संचालक: एक किराणा व्यापारी, एक निवृत्त शिक्षिका, एक शेतकरी. त्या दिवशी पाच अर्ज होते.

ट्रकवाल्याने कारण लिहिलं होतं 'घरगुती'. शिक्षिकाबाई म्हणाल्या, "मुलीचं लग्न आहे. मग तसं लिहायला लावा. लग्नाचं कर्ज वाईट नसतं, लपवलेलं वाईट." पुढचा अर्ज किराणा व्यापाऱ्याच्या पुतण्याचा निघाला. शेतकरी संचालक जागेवरून न हलता म्हणाला, "सेठ, आप जरा बाहर चाय पी लो." सेठ उठले, जिन्यात जाऊन उभे राहिले. अर्ज मंजूर झाला, पण मागितलेल्या रकमेच्या निम्म्याने.

चौथा अर्ज चिप्स तळून विकणाऱ्या बाईचा. दिवाळीआधी बटाटा कापायचं विजेवरचं यंत्र घ्यायचं होतं, साठ हजार हवे होते. डेली चार वर्षांपासून नियमित. एक जामीनदार होता, दुसरा मिळेना. दीर नाही म्हणाला, शेजारी टाळत होता. समितीने शेरा मारला: दुसरा जामीनदार आल्यावर विचार. मला ते कठोर वाटलं. चार वर्षांची डेली पुरेशी नाही का?

"चार वर्षं ती स्वतःचे पैसे भरत होती," शिक्षिकाबाई म्हणाल्या. "आता दुसऱ्यांचे घेणार आहे."

जामीनदारावर माझा घरचा राग आहे. आमचे बाबा नोकरीत असताना एका सहकाऱ्याला जामीन राहिले. त्याने हप्ते थांबवले आणि ते बाबांच्या पगारातून कापले जाऊ लागले. तो माणूस तरी दर दिवाळीला मिठाईचा डबा घेऊन यायचा. आई तो डबा शेजारी देऊन टाकायची. आणि बाबा त्याला चहा पाजायचे. पैशांबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत. भीड. आपल्याकडे भिडेला भिकेची बहीण म्हणतात ते मला लहानपणीच कळलं होतं.

राऊच्या त्या खोलीत मात्र या भिडेची दुसरी बाजू दिसली. पेढीकडे कर्जाला ना जमीन गहाण, ना सोनं. जामीनदाराच्या सहीने खरोखर काय गहाण पडतं? कर्जदाराला रोज सकाळी ज्याच्या दारावरून जायचं आहे त्या माणसाची भीड. बँकेचा हप्ता चुकला तर एक निनावी फोन येतो. इथे हप्ता चुकला तर जामीनदार दुधाच्या रांगेत मागे उभा असतो. तो काही बोलत नाही, आणि तेच बोचतं. काकांच्या वहीत जमा असलेलं तारण हे आहे.

नोकरदारांच्या पतसंस्थांना भिडेची इतकी गरज पडत नाही. तिथे हप्ता पगारातूनच कापून येतो; महाराष्ट्राच्या सहकार कायद्यात त्यासाठी कलम ४९ आहे. म्हणून पगारदार पतसंस्थांची वसुली बहुतेक चोख असते, अडतं ते कुणी नोकरी सोडली की. कचोरीवाल्याला पगारपत्रक नाही. त्याच्यासाठी माणूसच पगारपत्रक होतो.

कागद नसलेल्या माणसांची पत मोजायची कशी, हा प्रश्न सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडच्या बायकांनी रिझर्व्ह बँकेसमोर नेऊन ठेवला होता. चेतना सिन्हा यांच्याबरोबर त्यांनी महिला बँकेचा प्रस्ताव दिला तेव्हा तो परत आला. सभासद बायका निरक्षर, हे कारण. बायकांनी अक्षरं गिरवली आणि पुन्हा गेल्या. लिहिता-वाचता येत नसलं तरी व्याजाचा हिशेब आम्ही तोंडी करतो, तुमच्या अधिकाऱ्यांना करायला सांगा, असं त्यांनी सुनावलं. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. राऊच्या समितीतल्या शिक्षिकाबाईंना ही गोष्ट पाठ आहे.

भीड उलटते तेव्हा

ज्या भिडेवर पेढी उभी राहते, तिच्याचमुळे ती पडते. फरक एवढाच की भीड कोणाला वाटते आहे. कर्जदाराला जामीनदाराची वाटली, तर पैसे परत येतात. संचालकाला संचालकाची वाटू लागली, की शेठना चहाला बाहेर पाठवणारा कुणी उरत नाही. पुतण्याला पूर्ण रक्कम मिळते, थकली तर जुनं कर्ज फेडायला नवं मिळतं, आणि ताळेबंदात सगळं चोख दिसतं. लेखापरीक्षकालाही भीड. ठेवीदार तर विचारतच नाही, कारण अध्यक्ष गणपतीत मोठी वर्गणी देतात.

माझ्या मावशीची निवृत्तीची रक्कम अशाच एका संस्थेत अडकली. दर जास्त होता आणि व्यवस्थापक नात्यातला होता. तिने ठेव काढायचं दोनदा ठरवलं आणि दोनदा 'बरं दिसणार नाही' म्हणून परत आली. तिसऱ्यांदा गेली तेव्हा दाराला कुलूप होतं.

ही गोष्ट एका मावशीची नाही. जळगावच्या भाईचंद हिराचंद रायसोनी पतसंस्थेत गावोगावच्या ठेवीदारांचे पैसे अडकले, २०१५ मध्ये संचालकांना अटक झाली. ती बहुराज्य संस्था होती. एकाहून जास्त राज्यांत काम करणाऱ्या संस्था २००२च्या केंद्रीय कायद्याखाली येतात, त्यांचा निबंधक दिल्लीत. गल्लीतल्या ओळखीवर चालणारा धंदा शेकडो शाखांत पसरला की दुधाच्या रांगेतला जामीनदार नाहीसा होतो, आणि दिल्लीहून नजर पोचत नाही. दोन्हीकडची राखण गेली. २०२३ मध्ये कायदा सुधारून निवडणुकांसाठी वेगळं प्राधिकरण आणि तक्रारींसाठी लोकपाल आणले गेले, ते या अनुभवांनंतर.

एक गोष्ट ठेवीदाराने पक्की लक्षात ठेवावी. बँक, मग ती सहकारी का असेना, बुडाली तर ठेव विम्याखाली पाच लाखांपर्यंत रक्कम मिळते. ही मर्यादा फेब्रुवारी २०२० पासून आहे. पतसंस्थेला हे कवच नाही. तिथे आपला विमा आपणच, म्हणजे वर्षातून एकदा सभेला जाणं आणि अहवालाची मागची पानं वाचणं. थकबाकी किती, पहिल्या दहा कर्जदारांकडे एकूण कर्जाचा किती वाटा, संचालकांच्या नातेवाइकांकडे किती. तीन आकडे पुरतात.

विषय क्रमांक सात

त्या पेढीची आमसभा काही महिन्यांनी एका रविवारी होती. धर्मशाळेचा हॉल, सतरंज्या, मागे पोहे-जलेबीचा वास. माझ्या अंदाजाने निम्मे लोक पोह्यांसाठी आले होते, आणि सहकारात तेही चालतं, कारण गणपूर्ती पोह्यांनीच होते. अहवाल वाचन, मंजूर, मंजूर, मंजूर. हात यंत्रासारखे वर जात होते.

विषय सात, थकबाकीचा आढावा. मागच्या बाजूने एक माणूस उठला. सायकल दुरुस्तीवाला, नखांत ग्रीस. त्याने छापील अहवाल गोल गुंडाळून हातात धरला होता. "पान ग्यारह," तो म्हणाला. "सेठजी के भतीजे का खाता. दो किस्त बाकी है. समितीने निम्मंच दिलं ते बरं केलं, पण दोन हप्ते का राहिले?"

हॉल गप्प झाला. कुणीतरी हसलं, कुणीतरी "बैठ जा यार" म्हणालं. हिंदी आणि मराठी एकाच वाक्यात बोलणारा तो माणूस उभाच राहिला. शेवटी शेठ स्वतः उठले. पुतण्याचा जुना एक हिशेब आहे, महिनाअखेरपर्यंत दोन्ही हप्ते भरले जातील, असं त्यांनी सभेसमोर सांगितलं. काकांनी ते इतिवृत्तात लिहून घेतलं, तारखेसह. मग पोहे झाले. सायकलवाला आणि शेठ एकाच बाकावर बसून खात होते.

संध्याकाळच्या गाडीला वेळ होता म्हणून मी निरोप घ्यायला पेढीत गेलो. खिडकीशी चिप्सवाली उभी होती, हातात तोच अर्ज, कोपरे दुमडलेले. तिच्याबरोबर सकाळचा सायकलवाला. दुसरा जामीनदार. तिच्या मुलाची सायकल तो नीट करून देतो, एवढीच ओळख.

काकांनी अर्ज पुढे सरकवला, पेनचं टोपण काढलं आणि जामीनदारांची वही उघडून ठेवली. सायकलवाल्याने पेन घेतलं नाही. बाईकडे न बघता तो खिडकीतून वाकून म्हणाला, "काका, आधी हिच्या चार वर्षांच्या डेलीचं खातं दाखवा. मग सही."

बाई रागावली नाही. तिने पदराआडून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं पासबुक काढलं आणि त्याच्यासमोर उघडून धरलं. तो पान उलटण्याआधी ग्रीसचं बोट पँटला पुसून एकेक ओळ वाचू लागला.